नाना खेडेकरांची हद्द

नाना खेडेकरांकडून स्टेपलर मागून आणला, तर स्टेपलरबरोबर नानाही येतात. मी पिन मारेपर्यंत उभे राहतात आणि मग दोघं मिळून परत जातात. वर मलाच सुनावतात, "लोकल आहे तो. त्याची हद्द आमच्या क्लासापुरती!"

रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आणि शेजारी नानांचा कॉम्प्युटर क्लास. मध्ये प्लायवूडची भिंत. त्यामुळे फी न भरता मी निम्मा प्रोग्रामर झालोय. "मेथडमध्ये केलेलं लोकल व्हेरिएबल मेथडमध्येच मरतं. ऑब्जेक्टजवळ राहायला हवं असेल तर आधी सेल्फ लिहा. मेल्यांनो, सेल्फ विसरलात की बाहेर कुत्रं ओळखणार नाही त्याला!" हे रोज ऐकायचं आणि गिऱ्हाइकाला आधार कार्डाच्या प्रती काढून द्यायच्या.

नानांच्या घरीही तोच खाक्या. काकूंनी एकदा फणस कापायला विळी बाहेर ओटीवर नेली. "विळी हद्दीबाहेर गेली!" नानांनी घर डोक्यावर घेतलं. काकू म्हणाल्या, "मग तुमची हद्द ओटीवर. जेवायला आत येऊ नका." नियमाला तिथल्या तिथे सूट मिळाली.

क्लास व्हेरिएबलला, म्हणजे सगळ्या ऑब्जेक्टांत सामायिक असतं त्याला, मात्र त्यांचं एकच उदाहरण. "नाटे गावच्या आमच्या मूळघरचा गणपती. सगळ्या भावांत मिळून एक. रत्नागिरीतून बघा नाहीतर मुंबईतून, तोच!"

गेल्या वर्षी नानांचा धाकटा भाऊ बंड्या जागेवरून भांडला आणि विरारच्या ब्लॉकमध्ये त्याने वेगळा गणपती आणला. आमच्याकडे असं झालं की घर फुटलं असंच धरतात. नानांनी उदाहरण बदललं नाही, फक्त पुढे शेपूट जोडलं. "एखाद्या ऑब्जेक्टने त्याच नावाची स्वतःची प्रत केलीन, की त्याला मूळ दिसेनासं होतं." हे सांगताना ते खडू मोडायचे.

परवा, चतुर्थी तोंडावर आलेली असताना, एका मुलीने विचारलं, "सर, मग मूळचं पुसलं जातं का?"

भिंतीपलीकडे खडू खाली ठेवल्याचा आवाज आला.

"नाही गो बाय," नाना म्हणाले. "मूळ असतंच. आपली प्रत पुसलीन, की त्याच नावाने मूळच सापडतं."

क्लास सुटल्यावर ते माझ्याकडे आले. "तुमच्या फोनवरून बंड्याला लावा. माझा नंबर बघून उचललान नाही तर? तुमचा नाही उचललान, तर निदान तो राग माझ्यावरचा नव्हे."

मी स्पीकर लावून फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडून "हॅलो, कोण?" आलं. एरवी प्लायवूड हलवणाऱ्या या माणसाने फोन दोन्ही हातांनी तोंडाजवळ धरला.

"बंड्या," ते म्हणाले, "तुझा गणपती असू दे तिकडे. दीड दिवसाने विसर्जन कर आणि ये. आपल्याकडे पाच दिवसांचा आहे. तू नसलास की आरतीचं पुढचं कडवं मला आठवत नाही रे."

पलीकडून बारीक आवाजात उत्तर आलं, "दादा, गेल्या वर्षीसुद्धा दीडच दिवस ठेवला होता. मग बॅग भरून बसलो होतो, तू बोलावशील म्हणून."