कोचसाहेबांचं पान

कोचसाहेब जेवायला बसले की आमच्या फालेउटा गावाचा आवाज बंद व्हायचा. गावच्या मोठ्या घराला भिंती नाहीत, नुसते खांब, त्यामुळे त्यांचा प्रत्येक घास सगळ्यांना दिसे. समोर केळीच्या पानावर अळकुड्या, नारळाच्या दुधातले मासे, भाजलेली कोंबडी. शेजारी सिनापाती मावशी विंझण्याने माश्या वारत बसलेली. आणि खांबांना पाठी टेकून सामोआचा अख्खा राष्ट्रीय फुटबॉल संघ, समुद्राकडे बघत, कोचसाहेबांचं कधी उरकतंय याची वाट पाहत.

पाहुणा जेवून उठेपर्यंत आमच्याकडे कोणी घास तोंडात घालत नाही. हे कोणाला समजावून सांगायची वेळ कधी आली नव्हती. पण आमचा कोच एम्रिस प्यू वेल्सहून आलेला. आमचा संघ वर्षानुवर्षं हरत होता. शेवटच्या सामन्यात तर रेडिओवाल्याने गोल मोजणं सोडून देवाची गाणी लावली होती. तेव्हा फुटबॉल मंडळाने संघ नव्याने उभा करायला हा कोच आणला, आणि हॉटेल परवडेना म्हणून संघासकट आमच्या गावात ठेवला. गावाने त्याला डोक्यावर घेतलं. डोक्यावर घेतलेल्या माणसाशी गप्पा कशा मारायच्या, हे मात्र कोणाला जमलं नाही.

सरावातही तीच गत. एम्रिसच्या पायात चेंडू आला की पोरं अदबीने बाजूला होत. एकाने तर हात पुढे करून "या साहेब" म्हटलं.

"अरे, अंगावर या माझ्या. चेंडू काढून घ्या," एम्रिस वैतागून म्हणे.

"हो साहेब," म्हणत पोरं आणखी मागे सरत.

एम्रिसचं मत असं, की जो संघ एका पानावर जेवत नाही तो एका जिवाने खेळत नाही. मत चांगलं होतं, पण खरं दुखणं निराळं होतं. बायको वारल्यापासून तो घरी टीव्हीसमोर एकटाच जेवायचा. इथे येताना त्याला वाटलं होतं की आता चार माणसांत दोन घास गोड लागतील. चार सोडा, इथे चाळीस माणसं होती, आणि तरी तो एकटाच जेवत होता. घरी निदान कोणी बघत तरी नसे.

त्याने उपाय करून पाहिले. पोरांना लवकर मिळावं म्हणून भराभर जेवला, तर मावशीला वाटलं, बिचारा उपाशी राहतोय. दुसऱ्या दिवशी पानात दुप्पट आलं. थोडं खाऊन उठला, तर स्वयंपाकात खोट निघाली म्हणून बायकांची बैठक बसली आणि संध्याकाळी अख्खं डुकराचं पिल्लू भाजून पुढ्यात आलं. शेवटी त्याने कर्णधारालाच हाक मारली. पेसामिनो हा आमचा गोलकीपर आणि कर्णधार, दाराएवढा गडी.

"बस इथे. माझ्याबरोबर जेव."

पेसामिनो समोर मांडी घालून बसला आणि चटईकडे बघत राहिला.

"घे ना."

"पोट भरलंय साहेब," पेसामिनो म्हणाला, आणि त्याच क्षणी त्याचं पोट इतक्या जोरात बोललं की मावशीचा विंझणा थांबला.

शुक्रवारी संध्याकाळी, सामन्याच्या आदल्या दिवशी, एम्रिसचा धीर सुटला. त्याने पान बाजूला सारलं.

"आज तुम्ही जेवल्याशिवाय मी जेवणार नाही."

"पण साहेब, तुम्ही जेवल्याशिवाय आम्ही कसं जेवणार?" पेसामिनो म्हणाला.

"मग नकोच कोणी जेवायला."

"हो साहेब," सगळे म्हणाले. इतक्या दिवसांत संघाने त्याची एवढी एकच सूचना तंतोतंत पाळली.

बातमी गावात पसरली. गावप्रमुख उलुफाले यांनी हातातला घास खाली ठेवला. पाहुणा उपाशी असताना प्रमुख जेवला तर लोक काय म्हणतील? प्रमुख जेवत नाहीत म्हणून चर्चचे पाळक थांबले. पाळक थांबले म्हणून सगळं गाव थांबलं. लहान पोरांना तेवढं खाऊ घातलं, आणि पाळकांच्या बायकोने वाफेवर शिजलेली अळकुडी "नुसती चाखून" पाहिली. सिनापाती मावशीने डोळे पुसत लेकीच्या लग्नासाठी पोसलेलं मोठं डुक्कर भाजायला घेतलं. त्या वासाने गावाचे जे हाल झाले ते काय सांगावेत. उपाशी माणसाने अशा वेळी वाऱ्याच्या उलट दिशेला जाऊन बसावं, तर वारा पडलेला.

सकाळ झाली तरी कोणी हटेना. एम्रिसच्या पोटात कावळे ओरडत होते. बॅगेतला बिस्किटांचा पुडा शर्टाखाली दडवून तो स्वयंपाकघराच्या मागे गेला. तिथे लाकडांच्या ढिगाआड पेसामिनो उकिडवा बसून थंड अळकुडी खात होता. दोघांनीही हात पाठीमागे नेले.

"मी असाच, हवा खायला आलो होतो," एम्रिस म्हणाला.

"मी पण साहेब."

"बरी आहे का?"

"कोरडी आहे जरा," पेसामिनो म्हणाला. "साहेब, तुमच्या मिशीला चुरा लागलाय."

मग एम्रिसने पुडा पुढे केला, पेसामिनोने अळकुडी मोडून अर्धी दिली, आणि दोघं भिंतीकडे तोंड करून गुपचूप चावत बसले. अळीमिळी गुपचिळी. एम्रिसला वाटलं, हा पुडा संपूच नये. सरपण न्यायला आलेली सिनापाती मावशी हे सगळं पाहून, लाकडं न घेताच परत गेली, हे दोघांनाही कळलं नाही.

सामना तीन गोलांनी गेला. आमच्या हिशेबात ही जवळजवळ बरोबरीच. उत्तरार्धात पोरं भुकेने एकमेकांच्या खांद्यांना धरून उभी होती, त्यामुळे संघ पहिल्यांदाच एकत्र दिसला. पण परतताना बसमध्ये पुढची सगळी बाकं कोचसाहेबांसाठी मोकळी सोडलेली, आणि पोरं मागे दाटीवाटीने एकमेकांच्या मांडीवर. मागे कुजबुज होती, हसू होतं. एम्रिस मान वळवून बघे तेव्हा ते थांबे. तेव्हा त्याने ठरवलं की आता घरी जावं. त्याला रडू आलं होतं, आणि रडायला तरी पुढे भरपूर जागा होती.

संध्याकाळी तो नेहमीच्या जागी जाऊन बसला. पान आलं नाही. विंझणा आला नाही. सिनापाती मावशी आली ती बादली घेऊन.

"बसलायस काय? पाणी आण."

आपल्या मागे कोण बसलंय म्हणून एम्रिसने वळून पाहिलं. मागे फक्त खांब होता.

"तुलाच म्हणतेय. नि आल्यावर प्रमुखांना वाढ. हात धुऊन घे आधी."

एम्रिसने पाणी आणलं. वाढताना त्याच्या हातातून रस्सा सांडला आणि मावशीने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. ही हरल्याची शिक्षा, हे त्याला उघड दिसत होतं. प्रमुखांसमोर पान ठेवताना तो हळूच म्हणाला, "मी जातो परत. तुमचा पाहुणा म्हणवून घ्यायची माझी लायकी नाही."

"नाहीच," उलुफाले म्हणाले. "काल सगळे बसून त्यावरच बोललो. पाहुण्याने जेवण नाकारलं तर गावाचा अपमान होतो, त्याला होडीत बसवून द्यावं लागतं. तेच करणार होतो. पण सकाळी सिनापाती येऊन म्हणाली, स्वयंपाकघरामागे बसून चोरून खात होता."

एम्रिस कानापर्यंत लाल झाला.

"पाहुणा रुसत नाही आणि चोरून खात नाही," उलुफालेंनी मासा मोडत म्हटलं. "ही दोन्ही कामं घरच्या पोरांची. मीठ आण."

थोरांची जेवणं झाल्यावर उरलंसुरलं पोरांसमोर आलं. कोंबडीच्या माना, माशांची डोकी, तळाच्या अळकुड्या. दाटी इतकी की एम्रिसला बसायला जागा दिसेना. तो पान हातात घेऊन उभाच राहिला. पेसामिनोने तोंडातला घास न गिळताच शेजारच्याला कोपराने ढकललं.

"सरक रे. एम्रिसला बसू दे."