उलटा घास

"उस्तानीमा, माणसाले उलटं टांगून घास भरवला, तर तो पोटात जाईल का नाकातून बाहेर येईल?"

प्रश्न पद्मिनीचा नव्हता. मागच्या बाकावरच्या विनोदिनी आणि सुभद्रानं पैज लावून तो तिच्या तोंडी दिला होता. मुलींच्या शाळेत उस्तानीमांना, म्हणजे मास्तरणीबाईंना, असलं काही विचारायची हिंमत अख्ख्या आदिलाबादेत कुणाची नव्हती. पण पद्मिनीला अलीकडं कशाचीही हिंमत होऊ लागली होती.

निजामाचं राज्य, म्हणून शाळेचं सगळं शिकवणं उर्दूत. उस्तानीमा रागावल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर एक लांब नळी काढली, तिच्या टोकाला फुगीर पिशवी काढली आणि म्हणाल्या, "उल्टे लटको या सीधे, निवाला मेदे मेंच जाता."

मेदा म्हणजे ती पिशवी, जठर. घास काही विहिरीत दगड पडावा तसा पडत नाही. परकराच्या नेफ्यातून नाडी सरकवावी तशी अन्ननळी त्याला आवळत आवळत पुढं ढकलते. हे ऐकून विनोदिनीनं लगेच मेंदूचंही विचारलं, तर "वो सबक मॅट्रिक में," म्हणून उस्तानीमांनी फळा पुसला.

"खोटं," शाळा सुटल्यावर सुभद्रा म्हणाली. "फळ्यावर काईबी काढता येते."

"मंग दुपारी घरी या. मी टांगून घेऊन दाखवते."

त्याच दुपारी जैनथकडचे पाहुणे तिला बघायला येणार होते, हे पद्मिनी विसरली नव्हती. पण ते उन्हं कलल्यावर येणार. घास गिळायला कितीसा वेळ लागतो? पसंती झाली की शाळा बंद, हे तिच्या वडिलांनी, तहसिलीतल्या पेशकार व्यंकटरावांनी, ठरवून टाकलं होतं. त्यावर आपल्याला काहीतरी युक्ती सुचेलच, असा तिला पक्का भरवसा होता. सुचली मात्र नव्हती.

परकराचा काचा मारून तिनं परसातल्या पेरूच्या फांदीला गुडघे अडकवले. वेण्या जमिनीला टेकल्या. विनोदिनीनं ज्वारीच्या भाकरीचा तुकडा भरवला. पद्मिनीनं चावला, गिळला. घास वर गेला, म्हणजे खाली गेला, म्हणजे जिकडं जायचा तिकडंच गेला.

"आणखी दे," ती म्हणाली. यश डोक्यात गेलं होतं. रक्तही.

भाकर संपत आली आणि परसाचं दार उघडलं. पाहुणे लवकर आले होते! मुलाची आई लक्ष्मीबाई पाय धुवायला निघाल्या होत्या, मागं तांब्या घेऊन पद्मिनीची आई आशाबाई. दोघी मैत्रिणी कुंपणावरून पसार झाल्या.

"ही कोण?" लक्ष्मीबाईंनी विचारलं.

"आमची पद्मिनी," आई म्हणाली. अशा वेळी दुसरं काही म्हणता येत नाही.

"अन् उलटी काऊन?"

पद्मिनीनं तशीच लटकत नमस्कार केला. "मेदा तपासून राह्यले, मावशी."

पण तोंडात भाकर कोंबलेली, नाक चोंदलेलं. मेदा बाहेर पडला तो मेंदा होऊन.

"मेंदू?" लक्ष्मीबाईंनी तोंडाला पदर लावला. "काय झालं मेंदूले?"

"काई नाई. रिकामा असला का मुठीएवढा असते. सकाळी गुरगुरते."

"गुरगुरते?"

"भाकर टाकली का शांत. सगळ्याईचं असंच असते, तुमचा बी गुरगुरत असंल. आत तेजाब हाय ना. त्यात भाकर घुसळून घुसळून पार आंबिलीवानी पातळ होते."

"अन् मंग?"

"मंग आतड्यात उतरते."

लक्ष्मीबाई माघारी वळल्या. "अवो, चला. पोरीच्या मेंदूत तेजाब हाय, अन् तो आतड्यात उतरून राह्यला."

गाडीला बैल जुंपायची घाई सुरू झाली. व्यंकटराव हात जोडून मागं मागं. शाळा वाचली होती! पद्मिनीनं फक्त गप्प लटकून राहायचं होतं. पण आपण इतकं नीट सांगितलेलं कुणी चुकीचं ऐकून थेट जैनथपर्यंत नेणार, हे तिला सोसेना. ती लालबुंद तोंडानं अंगणात धावली, काडी घेतली आणि मातीत नळी, पिशवी, आतड्यांची वेटोळी काढू लागली.

"मेंदू नाई मावशी, मेदा. जठर. ह्ये इथं, पोटात."

लक्ष्मीबाईंचे यजमान पांडुरंगराव पटवारी होते, उर्दू कागदांत मुरलेले. ते गाडीतून खाली उतरून पोट धरधरून हसले.

"अवो, मेदा म्हणजे पोट. पोरगी लय हुशार हाय. आमाले पसंत."

पद्मिनीची काडी आतड्यातच अडकली.

आई गूळ आणायला आत वळली. व्यंकटरावांनी घाम पुसला. "चला. मंग उद्यापासून शाळा बंद."

"थांब आई. बाबा, तुमी बी ऐका." पद्मिनी काडी टाकून सरळ उभी राहिली. "मी ठरवलं. मेदा मले समजला. पण मावशी ज्याले भ्याल्या, त्या मेंदूचा धडा मॅट्रिकच्या वर्गात हाय. तो शिकल्याबिगर मी लग्न करणार नाई. मंग मले सुलटं बसवा, का उलटं टांगा."