संतरामरावांच्या बरगड्या

गोजरबाईंच्या हातचं खाऊन आजवर कोणी रोडावलं नव्हतं! असं त्या स्वतःच सांगायच्या, आणि जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारात तर जरा मोठ्यानंच सांगायच्या. त्यांची म्हैस गलेलठ्ठ, मांजर गोल, कोंबड्यांनाही धावायचा कंटाळा. या सगळ्या थाटाला गालबोट एकच, ते म्हणजे नवरा! संतरामरावांनी सदरा काढला की भिंतीला शिडी टेकवून ठेवल्यासारख्या बरगड्या दिसायच्या. लग्नापासून वाटीवाटीनं तूप रिचवून माणूस होता तेवढाच होता.

अशात लेकीचा फोन आला. कोमल डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला होती.

"माय, आमच्या कॉलेजात स्पर्धा हाय. बाबाला घेऊन ये. बाबावानी माणूस कोणापाशीच न्हाई!"

गोजरबाई फुलल्या. "काहून गं? काय करा लागते त्यायला?"

"नुसतं उभं राहायचं. फुफ्फुसाभोवती पातळ अस्तर राहते, ते आत कुठून कुठवर गेलं हे वरून कातडीवर पेनानं आखायचं. छातीत पाणी झालं तर सुई कुठं घालायची, ते त्या रेघेवरून समजते. त्याच्यासाठी बरगड्या मोजा लागतात. बाबाच्या तर लांबूनच मोजता येतात!"

गोजरबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. भरल्या सभेत आपल्या नवऱ्याच्या बरगड्या मोजणार! आणि मोजता मोजता लोक काय म्हणतील? बायको खाऊ घालत नाही!

त्या दिवसापासून चूल विझली नाही. सकाळी डिंकाचे लाडू, दुपारी पुरणपोळी, संध्याकाळी मलिदा, आणि मधल्या वेळात साय.

"अगं, श्वास घ्यायला तरी जागा ठेव!" संतरामराव कळवळून म्हणायचे.

"श्वास मागून घ्या, आधी वाटी संपवा!"

"पण बरगड्या बुजल्या तर पोरगी मोजंल काय? तिचा नंबर जाईल ना!"

"हुशार हाय माझी पोरगी. शोधंल बराबर!"

तूप संतरामरावांच्या पोटात गेलं आणि तिथून परस्पर कुठं गेलं, देव जाणे. स्पर्धेच्या दिवशी ढेकर तेवढे वाढले होते. शिडी जागच्या जागी!

कॉलेजच्या हॉलमध्ये पोचताच गोजरबाईंनी पदर नाकापर्यंत ओढला आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या. शेजारी कनेरगाव नाक्याच्या नर्मदाबाई होत्या. त्यांचा ढाबा होता आणि नवऱ्याचं पोट ढाब्याला शोभेल असंच होतं. त्यांचा मुलगा ओमप्रकाश आपल्या बापाला घेऊनच स्पर्धेत उतरला होता.

"ते माझे मालक," नर्मदाबाई ठसक्यात म्हणाल्या. "आन् तो वाळका माणूस तुमचा कोण?"

गोजरबाईंनी घाईघाईनं मान हलवली. "माझा? छे! मी... मी शेजारीण. पोरीसाठी आले."

"बायको खाऊ घालत न्हाई वाटते त्याले!"

"काय सांगू बाई! लई कंजूष हाय ती!"

बोलून गेल्या आणि त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं. पण आता माघार कशी घेणार?

तिकडे कोमलनं छातीच्या मधल्या हाडावरचा उंचवटा चाचपला. दुसरी बरगडी तिथं येते, पुढं खाली मोजत जायचं. गळ्याच्या हाडाच्या जरा वरून निघालेली रेघ समोर आठव्या बरगडीपर्यंत झोकात उतरली. ओमप्रकाश मात्र बापाच्या अंगात आठवी बरगडी अशी शोधत होता, जशी परातीतल्या कणकेत पडलेली अंगठी. आता कोमलला कुशीवरून दहावी गाठायची होती. पेन तिथं टेकलं आणि संतरामराव खदाखदा हसत सुटले! गुदगुल्या! पोरगी पेन टेकवी आणि बाप अंग चोरी. वेळ संपत आला, कोमल रडकुंडीला आली.

"ओ! गप उभे राहा!" मागून गोजरबाई कडाडल्या.

संतरामराव खांबासारखे ताठ झाले. रेघ दहावी ओलांडून पाठीमागं बाराव्या बरगडीला सुखरूप पोचली.

नर्मदाबाईंनी मान वळवली. "शेजारीण लई हक्कानं बोलून राहिली!"

गोजरबाईंनी पदर आणखी खाली ओढला.

पहिला नंबर कोमलचा! गोजरबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. टाळ्या वाजवता वाजवता पदर कधी घसरला, त्यांना कळलंही नाही. एवढ्यावर सगळे घरी गेले असते तर बरं झालं असतं. पण प्रमुख पाहुणे आलेच नव्हते, त्यामुळे एक शाल आणि नारळ शिल्लक होता. स्पर्धा घेणाऱ्या मॅडमनी माईक हातात घेतला.

"या वयात असं सडपातळ शरीर बघायला मिळत नाही! तेल-तूप टाळून, मोजकंच वाढून ज्या ताईंनी ही तब्येत राखली, त्यांचा आपण सत्कार करू. कुठं आहेत त्या?"

गोजरबाई खुर्चीला चिकटल्या. संतरामरावांनी अभिमानानं हात लांब केला. "ते काय, शेवटच्या रांगेत. माझी मंडळी!"

सगळा हॉल मागं वळला. बोटभर तूप न घालता पोळी न वाढणाऱ्या गोजरबाई, तूप टाळल्याबद्दलची शाल घ्यायला मुकाट्यानं उठल्या.

नर्मदाबाई डोळे विस्फारून बघत होत्या. "काहो, तुमी तर शेजारीण ना?"

"शेजारीणच हाव, बाई," गोजरबाई पदर सारखा करत पुटपुटल्या. "मधी भिंत तेवढी न्हाई."