सीताराम साहेबांसाठी चार वाक्यं

"नेम देवाला सांगायचा, शेजारणीला नाही. गाजावाजा झाला की नेम राहत नाही," असं शेवंताबाईंची सासू सांगायची. सासू जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण बाळकुमच्या कोळीवाड्यात शेवंताबाईंचा चातुर्मासाचा नेम अजूनही कुणाला कळत नसे. एका वर्षी त्यांनी चहा सोडला, एका वर्षी भात. एक्क्याण्णव साली खोटं बोलणं सोडलं. वाढवून बोलणंही त्यातच धरलं.

चहा सोडणं सोपं होतं, हे त्यांना नारळी पौर्णिमेनंतर कळलं. होड्या सुरू झाल्या, शेवंताबाई पाटी घेऊन कळव्याच्या बाजारात बसल्या आणि पहिल्याच गिऱ्हाइकाने विचारलं, "बोंबील ताजे आहेत ना?"

"कालचे आहेत," शेवंताबाई हळूच म्हणाल्या.

शेजारी बसलेल्या जनीने कपाळावर हात मारला. "काय गो शेवंते, बरं नाय काय तुला? तुझ्यापायी माझेपण कालचे झाले."

अशा दिवसांत सीताराम साहेबांचं प्रकरण उपटलं. साहेब एसटीत कंडक्टर म्हणून लागले होते आणि तीस वर्षांत चढत चढत शहराच्या बससेवेत वाहतूक अधीक्षक झाले होते. आता सर्वांत वरची, व्यवस्थापकाची जागा रिकामी झाली. एक नाव साहेबांचं होतं, दुसरं बाहेरून येऊ घातलेल्या एका अधिकाऱ्याचं, आणि ते म्हणे आल्या आल्या मासळीच्या पाट्या बसमधून बंद करणार होते. तसं झालं तर कोळणींनी बाजार गाठायचा कसा? म्हणून नेमणूक करणाऱ्या परिवहन समितीच्या सभापतींनी "प्रवाशांचंही ऐकू" म्हटल्याबरोबर गावचा नगरसेवक त्र्यंबक याने शेवंताबाईंना उभं करायचं ठरवलं. देवभोळी बाई, तोंडात कधी वावगा शब्द नाही. सगळ्यांना पटलं.

"काकी, फक्त चार वाक्यं," त्र्यंबक समजावू लागला. "पहिलं, साहेबांच्या राज्यात बस एक दिवस उशिरा आली नाही."

"आली ना पण."

"आली तरी नाही म्हणायचं. पाठिंबा असाच देतात."

"दुसऱ्या कुणाला ने रे बाबा. आवडाबाईला ने."

"का पण?"

का ते सांगावं तर नेम फुटणार, आणि दुसरं कारण द्यावं तर तेही खोटंच. शेवंताबाई गप्प बसल्या. त्र्यंबकने तो होकार धरला.

समितीच्या दालनात साहेब नवा सफारी घालून एका कडेला बसले होते. सभापतींनी मायेने विचारलं, "काय मावशी, बस वेळेवर येते ना?"

"नाय."

साहेबांनी दचकून वर पाहिलं.

"म्हणजे रोज उशीर?"

"रोज नाय. कधी लवकर येते. मग ती चुकते."

त्र्यंबक घाईने पुढे झाला. "पण तक्रार केली की साहेब लगेच दखल घेतात. हो ना काकी?"

"घेतात. खुर्ची देतात, चहा पाजतात." एवढ्यावर थांबता आलं असतं, पण अर्धं खरं शेवंताबाईंच्या जिभेला टोचू लागलं. "बस तशीच येते."

दालनात खसखस पिकली. बाहेरच्या उमेदवाराच्या बाजूचे एक सभासद सरसावून बसले. "बसमध्ये पाट्या चढवायची परवानगी आहे का हो, बाई?"

"नाय."

"मग चढवू कोण देतं?"

शेवंताबाईंनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. "साहेब. मागच्या दारानं चढा म्हणाले."

साहेबांनी रुमालाने मान पुसली. त्र्यंबक या बाईंना आपण ओळखतच नाही अशा चेहऱ्याने पंख्याकडे बघत होता.

"मावशी," सभापती म्हणाले, "तुम्ही पाठिंबा द्यायला आलात की तक्रार करायला?"

"पाठिंबा द्यायला."

"अहो, कशासाठी पण?"

हे त्र्यंबकच्या चार वाक्यांत नव्हतं. शेवंताबाई आपलंच सांगू लागल्या.

"आधीच्या साहेबांना विचारलं की ते सांगायचे, 'निघालीय, येतेच आहे.' आम्ही नाक्यावर बसून राहायचो आणि पाटीतली मासळी दुसऱ्यांदा मरायची. हे साहेब सांगतात, 'बंद पडलीय, येणार नाय.' मग आम्ही टेम्पो बघतो, नायतर चालत सुटतो. बाजार गाठतो. यांनी येणार म्हटलेली गाडी आली नाय, असं कधी झालं नाय. उशिरा येते, पण येते."

कुणी हसलं नाही. त्यानंतर बाहेरच्या उमेदवाराच्या वतीने एका गृहस्थांनी छापील भाषण वाचलं. त्यात त्यांच्या माणसाचा एकही दोष नव्हता, आणि ते कुणी नीट ऐकलंही नाही.

जागा सीताराम साहेबांना मिळाली. सभापतींनी फक्त एक अट घातली: मावशींनी दर महिन्याला समितीपुढे यायचं आणि बसचं जे असेल ते असंच सांगायचं.

"येईन," शेवंताबाई बोलून गेल्या. आणि बोलून गेल्या म्हणजे जाणं आलंच.

महिन्याने, बैठकीच्या दिवशी सकाळीच, साहेब पेढ्यांचा पुडा घेऊन दारात हजर झाले.

"काकी, तुमचे उपकार विसरणार नाही," ते ओट्यावर टेकत म्हणाले. "आज तेवढं जरा सांभाळून घ्या. पहिलाच महिना आहे. 'सुधारणा होतेय' एवढंच म्हणा."

"होतेय काय?"

साहेब पुड्याची सुतळी बोटाला गुंडाळत राहिले. "होईल."

"मग 'होईल, असं साहेब म्हणाले' असं सांगते."

शेवंताबाईंनी पेढे देवापुढे ठेवले, समईची वात सारखी केली आणि पदर खांद्यावर घेतला.

"जीप आणलीय," साहेब उठत म्हणाले. "सोडतो तुम्हाला."

"नको. बसनंच जाते. कशी येते ते बघायला नको?"

त्यांनी चपला घातल्या आणि नाक्याच्या दिशेने चालू लागल्या.