पाच टिकल्यांचा लॅपटॉप

"ज्या बाईनं तीन मारके बैल वळणावर आणले, तिला एक मास्तर शिकवता येणार न्हाई?" चांगुणाबाई ओट्यावरून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा बोलल्या. मास्तर म्हणजे त्यांचाच लेक, तातेराव गुरुजी. वय बावन्न!

शाळेला नवाकोरा लॅपटॉप आला होता. सोमवारी परतूरला प्रशिक्षण. तिथं साहेबांसमोर गुरुजींनी आपलं नाव इंग्रजीत उमटवलं तर यंत्र शाळेत राहणार. न्हाई तर शेजारच्या गावच्या पुंजाराम गुरुजींकडं जाणार. आणि आमचे गुरुजी? कोंबडीनं उकिरड्यावर दाणा हुडकावा तसं बोट फिरवायचे! एक 'टी' सापडेस्तोवर चहा गार.

"माय, ही एबीसीडी कुणीतरी उधळून दिली गं!"

चांगुणाबाईंनी ते डबडं चहूबाजूंनी न्याहाळलं. हुंगूनही पाहिलं.

"तुझ्या नावाला बटणं किती लागतेत?"

"पाच. दोन दोनदा येतेत."

"मंग बाकीच्यांचं तुला काय करायचं? बेबीनंदा, टिकल्याचं पाकीट आण!"

सून धावत आली. 'टी'ला लाल, 'ए'ला हिरवी, 'ई'ला काळी, 'आर'ला चंद्रकोर, 'ओ'ला खड्याची.

"म्हण! लाल, हिरवी, लाल, काळी, चंद्रकोर, हिरवी, खड्याची!"

जन्मभर पोरांकडून पाढे घोकून घेणारे गुरुजी स्वतः घोकायला बसले. रविवारी दुपारपर्यंत नाव पाण्यासारखं वाहू लागलं. टिकली दिसली की दाब. अक्षराकडं बघायचं कारणच उरलं न्हाई. चांगुणाबाई शेजारीच. अक्षर एक कळत नव्हतं, पण कुठली टिकली कुठं, ते बराबर ध्यानात!

तेवढ्यात लाईट गेली. गुरुजी यंत्र बंद करून आडवे झाले. चांगुणाबाईंना मात्र दम कुठला! "या गं, बघा तात्याचा लॅपटॉप!" उषाबाई, पुष्पाबाई, कौसल्या, सगळ्या जमल्या. काळ्या काचेत सगळ्यांची तोंडं दिसली.

"अगं बया, ह्यो तर आरसा!"

आणि आरशावरची टिकली म्हणजे सगळ्या बायकांची! कुणी चंद्रकोर लावून पाहिली, कुणी खड्याची. शोभली न्हाई की बोट टेकेल त्या बटणावर परत चिकटवली. बायका गेल्यावर चांगुणाबाईंनी टिकल्या मोजल्या. पाच! "हायेत बराबर," म्हणत झाकण लावलं.

सोमवारी परतूरला चांगुणाबाई मागच्या बाकावर ठाण मांडून बसल्या. गुरुजी नवरदेवासारखे पुढं. ओठात "लाल, हिरवी, लाल..." आणि बोटं धडाधड!

साहेब वाकले. चष्मा पुसला. परत वाकले.

"गुरुजी, यात एकसुद्धा स्वर नाही. घरचे तुम्हाला हाक मारतात तरी कशी?"

पुंजाराम गुरुजी उपरण्यात तोंड खुपसून खुदखुदले. तातेराव परत लाल टिकली हुडकू लागले.

"सरक तात्या!" चांगुणाबाई बाकं ओलांडत आल्या. "हिरवी डाव्या काठाला होती. खड्याची वर, उजव्या अंगाला. ही लाल इथं कोणी आणून ठिवली?" नखानं पाची टिकल्या उचलल्या, जागच्या जागी लावल्या. "हं, आता दाब!"

नाव उमटलं! साहेब चांगुणाबाईंकडं वळले.

"आजी, शिक्षण किती?"

"दुसरी. ती बी अर्धी. मास्तर पळून गेल्ता."

"लॅपटॉप तुमच्याच शाळेत राहील," साहेब हसून म्हणाले. "पण पुढच्या सोमवारी गुरुजींनी शाळेचं पूर्ण नाव लिहायचं!"

बसस्टँडवर चांगुणाबाईंनी टिकल्यांची दोन पाकिटं घेतली आणि घरापर्यंत गल्लीतल्या बायकांचा उद्धार केला. दारात पाय ठेवताच गरजल्या, "पहिली टिकली कोणी उचलली ते कळू दे, तिला हा उंबरा चढू देणार न्हाई!"

बेबीनंदानं तोंडाला पदर लावला. "आत्याबाई, पहिली तर तुम्हीच लावून पाह्यली. 'बघा गं, खड्याची मला कशी दिसती' म्हणून."

चांगुणाबाई उंबऱ्यावरच थांबल्या. हातातल्या पाकिटांकडं पाहिलं.

"बेबीनंदा, भिंतीवरचा आरसा काढ आणि त्या लॅपटॉपशेजारी टांग. जल्दी! माझा काही भरवसा न्हाई."