पराते आणि भोसलेकालीन आरी

आमच्या शेजारचे पराते अनोळखी माणसाच्या मयतीला खांदा देत, पण अनोळखी हत्याराला हात लावत नसत. नळवाल्यानं "जरा पाना धरता का?" म्हटलं तरी ते हात मागे घेत आणि म्हणत, "पयले वळख होऊ द्या." मग पाना खाली ठेवायला लावून त्याच्याभोवती फिरत. दांडा कुठे झिजला आहे, मालक उजवा की डावखुरा, रागीट की आळशी, हे सगळं सांगत. तोवर नळवाल्यानं दुसऱ्या पान्यानं काम उरकलेलं असे.

परात्यांचे बाप-आजे उमरेडला मागावर बसले. पराते मात्र मिलमध्ये फिटर झाले आणि तिथूनच रिटायर झाले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा भिलाईला. घरात ते एकटे आणि एक भिंतभर हत्यारं. "मानूस खोटं बोलते, दांडा नाई," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते माझ्याकडे पाहून जरा जास्तच वेळा म्हणत, असा माझ्या बायकोचा समज होता.

मी कॉलेजात इतिहास शिकवत असे. म्हणजे दुसऱ्यानं पाहिलेलं तिसऱ्याला सांगत असे. एका फेब्रुवारीत इतवारीतल्या भंगाराच्या दुकानात मला एक आरी दिसली. लोखंडी, दीड हात लांब, कमानीसारखी चौकट. मागे लाकडी दांडा, पुढच्या टोकाला एक जाड कडी. पात्याच्या दोन्ही टोकांचे खिळे फिरायचे, त्यामुळे पातं हवं तसं वळवता येई. नाव नाही, शिक्का नाही. मी ती घासाघीस न करता घेतली, कारण घासाघीस केली असती तर दुकानदाराला तिचं मोल कळलं असतं.

महिनाभर पुस्तकं चाळून मी निष्कर्ष काढला की ही भोसल्यांच्या फौजेतल्या वैद्याची, जखमी शिपायांचे पाय कापायची आरी. पुढची कडी घोड्याच्या खोगिराला अडकवण्यासाठी. मी ती बैठकीत भिंतीवर टांगली. कॉलेजातले तिघे-चौघे चहाला येऊन थक्क होऊन गेले. एकानं तर लेख लिहा म्हणून आग्रह केला आणि मी तो लगेच मानला.

पराते दारातूनच पाहत म्हणाले, "पाय कापाले एवढी मोठी? कोनाचे पाय जी, हत्तीचे?"

"शक्य आहे. भोसल्यांकडे हत्ती होते," मी म्हणालो. आज हे लिहितानाही कान गरम होतात.

त्याच वर्षी मे महिन्यात आमची मुलगी नंदा बाळंतपणाला यायची होती. सातवा महिना, पाय सुजलेले. रामदासपेठेतल्या डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं की ह्या उन्हात तिला तापलेल्या खोलीत ठेवू नका. म्हणून मी कूलर सांगितला. कूलरवाला म्हणाला, "खिडकीचे तीन गज कापून ठेवा. संध्याकाळी सहाला येतो. गज कापलेले नसले तर पुढच्या घरी जाईन, मग आठ दिवसांनी." नंदाची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती.

"लोहाराला बोलवा," बायको म्हणाली.

मी लोहाराकडे गेलो. तो कूलरचे स्टँड करण्यात इतका बुडालेला होता की त्यानं मानही वर केली नाही. परत येऊन मी भिंतीवरची आरी उतरवली. घरात आरी असताना माणसं कशाला शोधायची?

नवं पातं आणलं. सुताराची आरी ओढताना कापते हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. त्यावरून मी असा सिद्धान्त मांडला की आपल्याकडची कुठलीही आरी ओढूनच कापते. पात्याचे दात माझ्याकडे करून बसवले आणि तीन वाजता सुरुवात केली. चौकट शेजारच्या गजावर आपटे. पातं एकदा वाकलं, एकदा निसटलं, मग तुटलं. दुसरं बसवलं. साडेचारला गज चांगला चकचकीत झाला होता. सतरा वर्षांत तो इतका स्वच्छ कधीच नव्हता.

"भोसल्यांच्या वैद्याला बोलवा आता," बायको म्हणाली. पण आवाज थट्टेचा नव्हता. तिनं मागच्या खोलीत नंदाची गादी घातली होती, आणि ती गादी हाताला गरम लागत होती.

पराते कंपाउंडपलीकडे उभे राहून हे सगळं पाहत होते.

"काहून जीव घेऊन राहिले त्या आरीचा?" ते म्हणाले. "वळख झाली का?"

"नाही झाली," मी म्हणालो. तीन महिन्यांत पहिल्यांदाच.

ते आले. आरी ओट्यावर ठेवायला लावली, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि उकिडवे बसले.

"दांडा झिजला आहे, ते ठीक. पन ही कडी पाहा. आतून कशी गुळगुळीत झाली आहे. घोड्यानं केली का? हात आहे इथं. दुसऱ्या मानसाचा. आमच्या मिलमधी अशीच होती, शाफ्ट कापाले. एकट्याची नाई ही, दोघांची आहे."

त्यांनी पातं काढून दात उलट दिशेला केले, मग पातं आडवं वळवलं. चौकट खाली लोंबली आणि दोन गजांमधून आरी आरपार गेली. दांडा माझ्याकडे आत, कडी त्यांच्याकडे बाहेर उन्हात.

"ओढाचं काम माझं, कापते तवाच. तुमी फक्त वापस न्या."

"एवढंच?"

"आनि मंधात बोलू नका."

मी बोललो नाही. आरी बोलू लागली. दहा मिनिटांत पहिला गज वरून-खालून सुटून परात्यांच्या हातात आला. दुसऱ्याला मला लय सापडली आणि मी उत्साहानं ढकलू लागलो. "जाऊ द्या जी, मी ओढून राहिलो ना," ते बाहेरून म्हणाले. पावणेसहाला तिसरा गज निघाला. वर तीन, खाली तीन असे वीतवीतभर तुकडे खिडकीच्या चौकटीत उरले.

कूलरवाला वेळेवर आला. पराते त्याला म्हणाले, "थांब गा." आणि घरून कानस आणून ते तुकड्यांची तोंडं घासत बसले. कूलरवाला घड्याळ पाहू लागला.

"परातेजी, आता कूलरच बसणार आहे तिथं," मी म्हणालो.

"दिवाळीले निघन ना कूलर. फळी लावान तुमी, फळी हालन. पुढच्या साली पोट्टं उभं राहीन इथं. खिडकी दिसली का पोट्टं उभं राहतेच. धरन ते याले."

ते पोट्टं अजून जन्मायचं होतं. मी हात पुढे करून एका तुकड्यावर बोट फिरवलं आणि म्हणालो, "झालं की गुळगुळीत."

"बोटाचं नका सांगू." त्यांनी स्वतःचा पंजा दाखवला. जुन्या चपलेच्या तळव्यासारखा होता. "मले तर बोटानं काहीच कळत नाई आता."

मग त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला, डोळे मिटले आणि खिडकीत वाकून पहिल्या तुकड्याच्या तोंडावर गाल टेकवला. जरासा फिरवला. पुन्हा कानस मारली, पुन्हा गाल लावला. बायको चहा घेऊन आली होती, ती कप धरून तशीच उभी राहिली. कूलरवाल्यानंही घड्याळ पाहणं सोडलं.

शेवटच्या तुकड्याला कानस लागलीच नाही. तरी त्यांनी गाल लगेच उचलला नाही. खिडकी पश्चिमेची होती, आणि ते लोखंड दुपारभर उन्हात तापून आता माणसाच्या अंगासारखं ऊबदार लागत होतं.