हरेश्वरकाकांचं पापलेट

हरेश्वरकाकांना दूध आणायला सांगितलं की चहाचं आधण तासाभराने ठेवावं. डेअरी आमच्या सरावलीतच आहे, इमारतीच्या कोपऱ्यावर. पण काका तिथे जातात ते हत्तीच्या सोंडेवरून, नाहीतर कोंबडीच्या तंगडीवरून.

सांगते. काकांच्या फोनमध्ये एक ॲप आहे. माणूस चालेल तशी त्यात नकाशावर तांबडी रेघ उमटते. काका आधी कागदावर गल्लीबोळ जुळवतात, मग तसंच चालून चित्र पुरं करतात आणि ओळखीपाळखीच्या सगळ्यांना पाठवतात. खाली एकच ओळ असते: ‘आवडलं तर अंथरुणावरच्या माणसाला काहीतरी द्या.’ लोक हसतात, आणि हसता हसता काठ्या, चादरी, वॉकर देतात. काकांनी जन्मभर तारापूरच्या कारखान्यात पाइप जोडले. निवृत्त झाल्यावर ते आमच्या इमारतीत एकटेच राहायला आले, ते ‘रेघ तुटता नये’ हे ब्रीद घेऊनच.

एकदा सोंड एका कंपनीच्या फाटकात शिरली. वॉचमन म्हणाला, “अंकल, किससे मिलना है?”

“किसीसे नाय. खाली सोंड वळवने का है.”

त्या हत्तीची सोंड आखूडच राहिली. घोड्याच्या वाटेत रस्ता खणलेला निघाला तेव्हा काकांनी वळसा घातला, घोड्याला कुबड आलं, आणि तो उंट म्हणून सगळीकडे गेला.

हिराबाई ही माझी सातपाटीची मासळीवाली. वीस वर्षं दारात टोपली उतरवून माझ्याशी भांडली. मग धक्क्यावर घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि वर्षभर खाटेला खिळली. तिला चाकांची खुर्ची हवी होती. मी काकांच्या कानावर घातलं. त्यांच्या ओळखीचे एक कारखानदार चेष्टेने म्हणाले, “सातपाटीत पापलेट काढून दाखवा, एका रेघेत. खुर्ची मी देतो.”

काकांनी ते मनावर घेतलं. गावातल्या गल्ल्यांत पापलेटाचं अंग बसलं, पण शेपटी गेली समुद्रात. काका पडले वाडीतले, चिकूच्या बागेत वाढलेले. ओहोटीची वेळ तेवढी पाहिली आणि अष्टमीच्या भर दुपारी जाऊन उभे राहिले. दोन तास झाले तरी पाणी हटेना. बोंबील वाळत घालणाऱ्या बायका पोट धरून हसल्या.

“आवो, आज अष्टमीचा भांग हाय! भांगाचं पानी लांब जात नाय. पुनवेला या.”

मी वैतागले. म्हटलं, “काका, शेपटी फोनवर बोटाने काढा. कोण बघतंय?”

“ती बाय खाटेवर वाट बघते हाय, आन मी खोटी शेपटी लावू?”

पौर्णिमेच्या संध्याकाळी समुद्र पार मागे सरला. काका पँट दुमडून चिखल तुडवत निघाले. काठावरून बायका ओरडत होत्या, “शेपूट रुंद काढा!” वाळत्या बोंबलांना वळसा घालताना पापलेटाचं पोट जरा सुटलं होतं, पण “गाभोळीचं हाय, अंड्यांनी भरलेलं,” असा निर्वाळा बायकांनीच दिला.

खुर्ची आली. काकांनी स्वतः ढकलत हिराबाईला किनाऱ्यावर नेलं. कोणाची होडी रंगवली, कोणाची कुजली, ती सगळ्यांचा खरपूस समाचार घेत होती. काका माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

“आमची घरवाली तीन वरसं खाटेवर होती,” ते म्हणाले. “दर्या दाखवा म्हनायची. मी म्हनायचो, शिफ्ट हाय, रविवारी नेतो.” मग हिराबाईच्या खुर्चीकडे बघत म्हणाले, “खुर्ची होती घरात.”

या माणसाच्या हत्ती-उंटांना मी आजवर नुसती हसत आले होते, याची मला लाज वाटली.

तेवढ्यात हिराबाईने मान वळवली. “भाऊ, परत कवा न्याल? रविवारी?”

“रविवार नको,” काका म्हणाले. “उद्या येतो.”